माल पारखावा तसे स्थळ पाहावे

दिवाळी आटोपली, किंवा वैशाखातली सुट्टी जवळ आली, की व्यापारी घरांतून प्रवासाची बोलणी सुरू होतात. दुकान कोणी सांभाळायचे, वर्षाचा हिशेब केव्हा पुरा होईल, सोबत स्वयंपाकी देणारी सहल कोणती, सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल की नाही, हे सारे ठरले म्हणजे मग पॅरिस, रोम, लंडन ही नावे पुढे येतात. परतल्यावर पाहुण्यांसमोर छायाचित्रे मांडली जातात. आयफेल मनोऱ्याच्या टोकाला बोट लावलेला मुलगा असतो, पिसाच्या कलत्या मनोऱ्याला तळहाताचा टेकू देणारे काका असतात. स्थळ खरे, छायाचित्रही खरे. त्या स्थळाविषयी घरी आणलेली माहिती मात्र पुष्कळदा वाटाड्याने चालता चालता सांगितलेली आणि कोणी न तपासलेली असते. नवल असे की हेच गृहस्थ पेढीवर बसले म्हणजे हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्यावाचून आणि गुळाची ढेप फोडल्यावाचून भाव बोलत नाहीत.

लंडनचेच पाहा. टेम्स नदीवरचा, दोन उंच बुरुजांचा पूल जवळजवळ प्रत्येक घरच्या संग्रहात आहे आणि त्याखाली ‘लंडन ब्रिज’ असे लिहिलेले असते. तो टॉवर ब्रिज आहे, १८९४ साली खुला झालेला. लंडन ब्रिज त्याच्याजवळच आहे, दिसायला अगदी साधा. त्याच्या जागी १८३१ साली बांधलेला जो ग्रॅनाइटचा पूल होता, तो लंडन शहराने १९६८ साली विकून टाकला. रॉबर्ट मॅककलक नावाच्या अमेरिकन उद्योगपतीने तो २४ लाख ६० हजार डॉलरना घेतला, दगडांवर क्रमांक घालून समुद्रापार नेला आणि ॲरिझोनाच्या वाळवंटी प्रदेशातल्या एका जलाशयाकाठी वसवलेल्या आपल्या नव्या गावात १९७१ साली पुन्हा उभा केला. पूल पाहायला लोक येतील आणि आले म्हणजे जमिनी विकल्या जातील, हा त्याचा हिशेब होता. बिचाऱ्याने टॉवर ब्रिज समजून भलताच पूल विकत घेतला, अशी एक गंमत पुढे जगभर पसरली. त्याने स्वतः ती नाकारली. पण गंमत आजही सांगितली जाते. फसलेल्या ग्राहकाची ही गोष्ट अशा रीतीने ऐकणाऱ्यांनाच फसवत राहिली आहे.

व्हेरोना शहरात ज्युलिएटचा सज्जा दाखवतात. ज्युलिएट ही नाटकातली नायिका आणि तो सज्जा त्या घराला विसाव्या शतकात बसवलेला. पिसाच्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने गोळे टाकले, ही कथा त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रातून आली आणि अभ्यासक तिच्याविषयी साशंक आहेत. म्हणून कोणी पिसाला जाऊ नये असे नाही. मनोरा खरोखरच कललेला आहे आणि तो का कलला, पायाखालची माती एका बाजूला कशी दबली, हे कळले तर पाहण्यात दुप्पट गोडी येते.

अशी पारख घरातल्या मुलांना शिकवायची तर परदेशाच्या तिकिटाची गरज नाही. कोल्हापूर, सांगली, निपाणीकडून फोंडाघाट उतरला की काही तासांत गाठता येणारा सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनारा त्याला फार सोयीचा आहे. जैन कुटुंबे तिकडे बेताने जातात, आणि कारण सर्वांना ठाऊक आहे. मालवणचे नाव घेतले की मासळीचा वास आठवतो. परंतु त्या मुलखाच्या स्वयंपाकघरात तांदूळ आणि नारळ यांचेच राज्य आहे. तांदळाच्या शेवया, ज्यांना तिकडे शिरवाळे म्हणतात, नारळाच्या गुळमट रसात बुडवून खातात. घावणे आहेत, काकडीचे धोंडस आहे, फणस, काजू, कोकम आहे. एखाद्या घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवले, कांदा-लसूण नको आणि दिवस मावळण्यापूर्वी पान वाढा एवढे स्पष्ट केले, तर तिथली गृहिणी वेगळ्या भांड्यांत निगुतीने रांधून देते. सोलकढीत बहुधा लसूण असते, तेवढे आधी बोलून घ्यावे. या बाबतीत रोममध्ये जितकी समजूत घालावी लागते, तितकी मालवणात लागत नाही.

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटते आणि थोड्याच वेळात सिंधुदुर्गाचा तट समोर येतो. दरवाजा मात्र दिसत नाही. दोन बुरुज एकमेकांत वळल्यासारखे बांधले आहेत आणि त्यांच्या वळणात महाद्वार लपले आहे. होडी अगदी जवळ आल्यावर नावाडी हात करतो, तेव्हा कुठे वाट उमगते. इथे वाटाड्याच्या शब्दाची गरज पडत नाही. शत्रूला दरवाजा का सापडत नसे, हे ज्याचे त्याला आपल्या डोळ्यांनी पटते.

कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचे काम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झाले आणि १६६७ मध्ये पुरे झाले. सुमारे ४८ एकरांचे बेट, त्याभोवती सुमारे तीन किलोमीटर वळत गेलेला तट, उंची तीस फुटांच्या आसपास आणि जाडी बारा फूट. पायाचे दगड शिसे ओतून बसवल्याचे सांगतात. तीन वर्षांत हे उभे करायचे म्हणजे दगड, चुना, शिसे, लोखंड, धान्य, पाथरवट आणि गवंडी यांचा पुरवठा एकही भरती-ओहोटी न चुकवता चालला असला पाहिजे, आणि तोही पावसाळ्याचे महिने वजा करून. ज्याने गोदाम आणि वाहतूक सांभाळली आहे, त्याला तटाच्या उंचीपेक्षा हा पुरवठा अधिक चकित करील.

आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत आणि चहूकडे खारे पाणी असून त्यांचे पाणी गोड आहे. ते चाखून पाहता येते. तटाजवळच्या लहान घुमटीत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. ते शिवाजी महाराजांचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. शिवराजेश्वराच्या मंदिरात महाराजांची जी मूर्ती आहे तिला दाढी नाही आणि डोईवर कोळी-नावाड्यांच्या धाटणीचे शिरोभूषण आहे. हे मंदिर राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये उभारले, असे मानतात. विहिरीचे पाणी जिभेला कळते, तटाची लांबी मोजता येते, ठसे श्रद्धेने वंदायचे असतात. तिन्ही गोष्टी एकाच फेरीत भेटतात आणि कोणती कशाच्या आधारावर उभी आहे, हे मुलांना तिथल्या तिथे दाखवता येते. एकीचा मान ठेवण्यासाठी दुसरीला खोटे ठरवावे लागत नाही.

१७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी तो परत करावा लागला. किल्ला कायमचा त्यांच्या हाती गेला तो १८१२ च्या तहाने. ते इंग्रजी नाव आज मालवणात कोणाच्या तोंडी नाही. किल्ल्यात मात्र अजून काही कुटुंबे नांदतात. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद होतात, दर्या खवळतो आणि ही घरे आपल्या साठवणीवर दिवस काढतात. जगातल्या बहुतेक प्रसिद्ध किल्ल्यांत संध्याकाळी तिकीट खिडकी बंद झाली की पहारेकऱ्यांखेरीज कोणी उरत नाही. सिंधुदुर्गात चुली पेटतात.

किल्ल्यावरून किनाऱ्याकडे पाहिले की राजकोट दिसतो. तिथे ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, महाराजांचा भव्य पुतळा उभारला गेला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. २०२५ मध्ये त्याच जागी नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. त्या वेळी झालेले आरोप-प्रत्यारोप वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले आहेत. ज्या वाऱ्यापाण्यात समोरचा तट साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे, त्याच वाऱ्यापाण्यात हे घडले. मुलांनी कारण विचारले तर खाऱ्या हवेने लोखंड कसे कुजते आणि पायात शिसे का ओतत असत, इथपासून बोलायला सुरुवात करावी. त्यांना ते समजते.

मालवणहून उत्तरेला, देवगडच्याही पलीकडे, वाघोटन नदीच्या मुखाशी विजयदुर्ग आहे. इथे पारखीची खरी कसोटी लागते, कारण इथला सर्वांत प्रसिद्ध किस्साच तपासून घेण्याजोगा आहे. किल्ल्यात काही ओटे दाखवतात. ‘साहेबाचे ओटे’ असे त्यांना म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच ओट्यांवर दुर्बीण लावली आणि हेलियम वायूचा शोध इथेच लागला, असे सांगितले जाते. गोष्ट मोठी अभिमानाची आहे. सहलीला आलेली मुले ती वहीत उतरवून घेतात. मोठी माणसे माना डोलावतात.

१८६८ चे ते ग्रहण खरेच विलक्षण होते. सूर्य पाच मिनिटांहून अधिक काळ पूर्ण झाकला गेला आणि त्याची छाया कोकण किनाऱ्यावरून थेट आंध्राच्या किनाऱ्यापर्यंत गेली. फ्रान्सचे ज्यूल जान्सेन गुंटूरला होते, मद्रासच्या वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला, इंग्रजांची आणखी एक तुकडी जमखंडीला. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांचा प्रकाश त्यांनी वर्णपटलेखाने, म्हणजे प्रकाशाचे रंग फोडून दाखवणाऱ्या यंत्राने, पाहिला. त्यात एक झळझळीत पिवळी रेषा होती. जान्सेनना असे वाटले की या ज्वाला पाहण्यासाठी ग्रहणाची वाट पाहण्याचे कारणच नाही, आणि दुसऱ्याच दिवशी भर उन्हात त्या पुन्हा पाहून त्यांनी ते सिद्ध केले.

लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हते. ते इंग्लंडमध्ये होते. तिथेच, ग्रहण नसताना, २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी आपल्या यंत्राने सूर्याच्या ज्वाला पाहिल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली. अकादमीने भांडण लावले नाही. पुढे दोघांच्या मुद्रा एकत्र असलेले पदक काढून दोघांनाही मान दिला. ती पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात द्रव्याची नाही, हे लॉकियर यांनी ओळखले आणि सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून त्या नव्या मूलद्रव्याला हेलियम हे नाव मिळाले. पुष्कळांना ते पटले नाही. शेवटी १८९५ साली विल्यम रॅमसे यांना एका खनिजातून हाच वायू मिळाला, तेव्हा शंका मिटल्या.

मग विजयदुर्गाचे काय? किस्सा हवेतून आलेला नाही. लॉकियर विजयदुर्गला खरोखर आले होते, पण ते तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण होते आणि त्यासाठी त्यांनी हाच किल्ला निवडला. ‘मेल्पोमीन’ नावाची ब्रिटिश युद्धनौका मदतीला होती; तिच्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना हाताशी धरून त्यांनी निरीक्षणाची कामे वाटून दिली. त्याच दिवशी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला हे भारतीय खगोलशास्त्रज्ञ सोलापूरकडच्या जेऊरला आपली यंत्रे मांडून बसले होते. विजयदुर्गावर आकाश स्वच्छ राहिले, सुमारे दोन मिनिटांच्या काळोखात छायाचित्रे मिळाली. सगळी तयारी त्या दोन मिनिटांसाठी होती. महिन्यांचा प्रवास, पेट्यांतून आणलेली भिंगे, ओट्यांवर पक्की बसवलेली यंत्रे, आणि आधी पुनःपुन्हा केलेली तालीम. हेलियमचे नाव तोवर जुने झाले होते आणि वायू पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षे उलटली होती.

म्हणजे दोन ग्रहणे आणि एक माणूस यांची गाठ मारून एकच गोष्ट तयार झाली. ओटे खरे, साहेब खरा, ग्रहण खरे. तारीख मात्र दुसऱ्या खात्यावर जमा झाली. ही चूक दुरुस्त केल्याने किल्ल्याचे काही कमी होते का? उलट जान्सेन, पॉगसन आणि नायगमवाला ही तीन माणसे गोष्टीत नव्याने येतात, आणि ज्या शास्त्रज्ञाने सूर्यावरचे द्रव्य घरबसल्या ओळखले होते त्याला साठी ओलांडल्यावरही दोन मिनिटांच्या काळोखासाठी इतक्या दूर यावेसे वाटले, हेही कळते. वाटाडा जे सांगतो ते त्याने आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असते. चारचौघांत त्याला खोटे पाडण्यात शोभा नाही. त्याची बिदागी हसतमुखाने द्यावी आणि वहीतली तारीख मुलांकडून मुक्कामी आल्यावर सुधारून घ्यावी.

विजयदुर्गाविषयीचे दुसरे ऐकीव इंग्रजी पुस्तकांतून आले आहे. त्यांत या किल्ल्याला घेरिया आणि आंग्र्यांना समुद्री चाचे म्हटलेले आढळते. आंग्रे आपल्या मुलखाजवळून जाणाऱ्या जहाजांना दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायला लावत. दस्तक नसेल तर जहाज पकडत. पोर्तुगीजही समुद्रावर परवाने विकत आणि बिनपरवाना जहाजे धरत, त्यांना कोणी चाचे म्हटले नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन यांचे आरमार आणि क्लाइव्हची फौज इथे उतरली. पेशव्यांचे सैन्य जमिनीवरून त्यांच्या जोडीला होते. तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळून गेले. किल्ल्यात मिळालेली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली आणि भागीदाराच्या हाती त्यातले काही लागले नाही. किल्ला पेशव्यांना मिळाला तोही त्याच वर्षी पुढे बाणकोट देऊन. मराठ्यांनी आपल्या हाताने आपलेच आरमार बुडवले, हा इतिहासकारांचा निवाडा कठोर आहे, पण भागीदारीच्या अटी आधी न लिहिण्याचे फळ म्हणून व्यापाऱ्याला तो नवीन वाटणार नाही.

किल्ल्याबाहेर पाण्याखाली एक दगडी भिंत आहे आणि शत्रूची गलबते तिच्यावर आपटत, असेही सांगतात. काठावरून ती दिसत नाही. तिच्यासाठी फार वेळ मोडू नये.

वेळ मोडायचा तो खाडीने आत जाऊन. विजयदुर्गाच्या मागची खाडी गाळाने भरण्यापूर्वी गलबते थेट खारेपाटणपर्यंत जात. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणारी मोटार या गावातून थांबल्यावाचून निघून जाते, आणि प्रसिद्ध स्थळांच्या याद्यांत त्याचे नाव क्वचितच असते. जुन्या इंग्रजी गॅझेटियरने दक्षिण कोकणातले एकमेव जैन मंदिर म्हणून नोंदवलेले मंदिर याच गावातले. जिथे बंदर तिथे पेढी आणि जिथे पेढी तिथे देरासर, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

या गावाला जगाच्या नकाशावर मान मिळवून देणारी वस्तू म्हणजे एक ताम्रपट. शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८, हा त्याचा काळ. कोकणच्या दक्षिण शिलाहार घराण्यातला रट्टराज हा त्याचा दाता. सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत दहा राजांची वंशावळ त्यात कोरलेली आहे आणि या घराण्याचा इतिहास मुख्यतः या एका लेखाच्या आधारे उभा आहे. अव्वेश्वराच्या शिवमंदिराला राजाने जे उत्पन्न लावून दिले, त्यात बंदराची जकात आहे. द्वीपांतराहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण. कंदलमूलीय या ठिकाणाहून येणाऱ्या जहाजामागे एक धरण. चेमुल्य, म्हणजे चौल, आणि चंद्रपूर, म्हणजे गोव्यातले चांदोर, यांच्या जहाजांना यातून सूट.

हजार वर्षांपूर्वीचा हा दरपत्रक आहे असे म्हटले तरी चालेल. परदेशी मालाला एक दर, जवळच्या मालाला दुसरा, ठराविक बंदरांना माफी. समुद्रापारची जहाजे इतकी नियमाने येत होती की राजाला त्यांच्या जकातीवर मंदिराचा कायमचा खर्च सोपवता आला, हे या दोन-तीन ओळींतून निघते. तांब्यावर कोरलेले असल्यामुळे इथे ऐकीवाला जागा नाही.

हा ताम्रपट प्रथम वाचून प्रसिद्ध केला तो बाळशास्त्री जांभेकरांनी. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करणारे, मराठी वृत्तपत्राचे जनक म्हणून शाळेच्या पुस्तकात भेटणारे ते हेच. त्यांचा जन्म याच मुलखातल्या पोंभुर्ल्याचा, देवगड तालुक्यातला. मुंबईत राहून त्यांनी आपल्या गावाकडच्या तांब्याच्या पत्र्यांवरची संस्कृत अक्षरे लावली आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात मांडली. १८४६ साली, जेमतेम चौतिसाव्या वर्षी, ते गेले. पोंभुर्ल्यात त्यांचे स्मारक आहे. खारेपाटणहून विजयदुर्गाकडे किंवा देवगडकडे जाताना वाट थोडी वाकडी केली तर ते पाहता येते. सकाळी लवकर निघाल्यास दुपारच्या जेवणापूर्वी दोन्ही गावे होतात आणि संध्याकाळचे पान वेळेवर मिळते.